पाचवा गडी गंगाराम

माझ्यावर आयुष्यात एकदाच लबाडीचा आळ आला आणि तो मी विसरलेले नाही. विसरण्याचा विचारही नाही. वय झालं की माणसानं जुन्या गोष्टी सोडून द्याव्यात, असं लोक मला सांगतात. ज्यांना भरल्या हॉलमध्ये कुणी लबाड म्हटलेलं नाही त्यांनी खुशाल सोडाव्यात. आमच्या घरात महत्त्वाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवत. ती गोष्ट मी तशीच ठेवली होती. आज खाली काढली आहे.

कागदांचं आमच्या घरात फार होतं. रोहण्याला आमचं घर वस्तीच्या तोंडाशी, विहाराला लागून. बाबा आर्वीला कचेरीत कारकून होते. सकाळच्या बसनं जायचे, संध्याकाळच्या बसनं यायचे आणि दिवसभर कागद वाचून पोट भरलं नाही म्हणून की काय, घरी आल्यावरही जे हाताला लागेल ते वाचायचे. किराण्याची पुडी सोडली की तिचा कागद, खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी, लग्नाची पत्रिका तर अगदी खाली छापखान्याच्या नावापर्यंत. वाचायचे ते मोठ्यानं. आई चुलीपुढे भाकरी थापत असायची आणि तिच्या थापण्याच्या आवाजावर बाबांचं वाचन चालायचं. मध्येच एखादं वाक्य तिला पटलं नाही की थाप थांबायची. मग बाबा ते वाक्य पुन्हा वाचायचे. "तुह्या बापाले पत्रिका नाई, हुकूम आला वाट्टे," असं ती मला म्हणायची, पण थाप थांबवायची ती थांबवायचीच. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता, हातात पुस्तक धरलेला, त्यामुळे बाबांना आम्हाला वाचनाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नसे. ते एवढंच म्हणायचे, "आपल्याले कोणी फसवलं असन तं न वाचलेल्या कागदानंच फसवलं." आणि ताटातल्या वांग्याच्या भरतात भाकरीचा तुकडा बुडवायचे. तुरीचे दिवस असले तर भरतात ओले दाणे असायचे, वरून कच्च्या तेलाची धार आणि सोबत सांबाराची चटणी. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या माझ्या सुनेला हे अजून पचलेलं नाही.

आमच्या समाजमंदिरात ते टेबल आलं तेव्हा मी बारावीला होते. वस्तीतला एक माणूस जहाजावर नोकरीला होता. त्यानं कुठल्याशा बंदरावर असलं टेबल पाहिलं, त्याला ते आवडलं आणि मुंबईहून त्यानं ते ट्रकमध्ये घालून गावाला पाठवून दिलं. हिरवं टेबल, आरपार आठ दांडे, दांड्यांना लाकडी गडी लावलेले. चार दांडे आपले, चार समोरच्याचे. मुठी फिरवायच्या, गड्यांच्या पायांनी चेंडू मारायचा. आम्ही त्याला बाहुल्यांचा फुटबॉल म्हणायचो. सगळ्यात महत्त्वाचा तो मधला दांडा, पाच गड्यांचा. तिथून समोरच्याचे पाच गडी चुकवून चेंडू आपल्या पुढच्या तीन गड्यांकडे द्यायचा आणि मग गोल मारायचा. ही मधून पुढे द्यायची गोष्ट म्हणजे पास. अख्खा खेळ त्या पासात आहे. गोल काय, हात असलेला कुणीही मारतो.

जहाजावरचा तो माणूस सुट्टीत आला तेव्हा त्यानं आम्हाला तोंडी एक नियम सांगितला होता. मधल्या दांड्यावर चेंडू थांबवला तर तो तसाच पुढे ढकलायचा नाही. आधी निदान दोन गड्यांच्या पायाला लागला पाहिजे, मगच पास. नियम सोपा होता. भानगड एवढीच की ट्रकच्या प्रवासात आमच्या टेबलाच्या एका बाजूचा, कडेच्या फळीकडचा, म्हणजे आम्ही जिला भिंत म्हणायचो तिच्याकडचा, पाचवा गडी तुटून हरवला होता. मधल्या दांड्यावर चारच उरले. टेबलाच्या त्या भिंतीजवळच्या पट्टीत चेंडू गेला की त्याला लागायला कुणीच नाही. यावर कवडूआजानं निकाल दिला. कवडूआजा समाजमंदिराची किल्ली सांभाळायचा, झाडायचा, दिवाबत्ती करायचा आणि टेबलापाशी बाज टाकून आमच्यावर नजर ठेवायचा. तरुणपणी तो हुतूतू खेळायचा. त्यांच्यात गंगाराम म्हणून एक गडी होता, तो नेहमी रेषेला चिकटून उभा राहायचा आणि पुढे कामासाठी गाव सोडून गेला तो परत आला नाही. "थो कडंचा गडी म्हंजे आपला गंग्या," कवडूआजा म्हणाला. "दिसत नाई म्हून काय झालं? भिंतीले लागला का गंग्याले लागला समजजा."

झालं. तेव्हापासून आमच्याकडे भिंतीला लागलेला चेंडू गंग्याला लागलेला धरला जायचा. चौथ्या गड्यानं चेंडू थांबवायचा, तिरका भिंतीवर मारायचा, भिंतीवरून तो समोरच्याच्या कडेच्या गड्याला वळसा घालून पुढच्या दांड्यावर यायचा. एक चौथा, दुसरा गंग्या, झाले दोन. हा पास सगळ्या वस्तीत माझ्याइतका कुणाला जमत नव्हता. मुलगे चिडायचे. पास दिला की मी हळूच "गंग्या!" म्हणायचे, त्यानं ते आणखी चिडायचे.

वर्ध्याच्या एका क्लबाच्या हॉलमध्ये जिल्ह्याची स्पर्धा असल्याची बातमी बाबांनीच वाचून दाखवली, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची. मुलामुलींची वेगळी नव्हती, सगळे एकत्र. मी नाव दिलं. रोहण्याहून पुलगाव, पुलगावहून वर्धा, बसस्टँडवर तर्रीपोहे, आणि हॉल. तिथलं टेबल धडधाकट होतं. माझ्या मधल्या दांड्यावर एक माणूस जास्त. मला तो फार आडवा यायचा. मी त्याच्याकडे लक्षच द्यायचं नाही असं ठरवलं आणि आपला चौथ्याकडून भिंतीवरचा पास चालू ठेवला. पहिला सामना वर्ध्याच्या निखिल नावाच्या मुलाशी होता. उंच, गोरा, मनगटाला घामाची पट्टी बांधलेला. पाच गोलांचा डाव. मी तीन-एकनं पुढे गेले आणि त्यानं हात वर केला. पंच होते गोरे सर, कुठल्याशा शाळेत पी.टी. शिकवायचे. ते टेबलावर वाकले, मला पुन्हा पास द्यायला लावला आणि शिट्टी वाजवली.

"फाउल. एकाच गड्याला लागला."

"दोघाले लागला न सर," मी म्हणाले. "गंग्याले लागला!"

"कोण गंग्या?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. आजही मला ते माझं बोट दिसतं. भोवती पन्नासेक पोरं उभी होती, ती हसायला लागली. कुणीतरी भिंतीला नमस्कार केला. निखिल हसला नाही, ते खरं, पण तेव्हा मला ते दिसलं नाही. मागून एक मोठा माणूस, कुणाचा तरी बाप असेल, म्हणाला, "लबाड आहे पोरगी. वस्तीतले नियम वस्तीत ठेवायचे." वस्ती हा शब्द तो कसा म्हणाला हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही आणि इतरांना समजावून सांगून उपयोग होत नाही. गोरे सरांनी त्याला काही म्हटलं नाही. मला म्हणाले, "भिंतीवर मारून पास चालत नाही. लक्षात ठेव." त्यानंतर मला दुसरा पास येतच नव्हता. मी तीन-पाच हरले आणि माझ्या मागे "गंग्या, गंग्या" असं ऐकत हॉलच्या पायऱ्या उतरले.

घरी आले तेव्हा आई पातोड्यांचा रस्सा करत होती. ती माझ्या आवडीची भाजी, जिंकून येईन म्हणून केलेली. तोंड बघून तिनं काही विचारलं नाही, फक्त रस्शात आणखी तिखट टाकलं. बाबांनी मात्र सगळं विचारलं. मी रडत सांगितलं. त्यांनी मधे एकदाही समजूत घातली नाही. शेवटी म्हणाले, "पंचानं कागद दाखवला का तुले?"

"नाई."

"तू मागतला का?"

"नाई."

"मंग दोघंबी चुकले." आणि थोड्या वेळानं, "नियम हाय तं कागद असनच. आपल्या टेबलासंगं काई आलं नोतं का?"

आलं होतं. खोक्यात एक पातळ पुस्तिका आली होती, इंग्रजी. कुणाला वाचता येईना म्हणून कवडूआजानं ती घडी करून टेबलाच्या आखूड पायाखाली घातली होती, टेबल डुगडुगायचं म्हणून. इतके दिवस आम्ही नियमांच्या वर उभे राहून खेळत होतो. दुसऱ्या दिवशी बाबा कचेरीतून आले ते तडक समाजमंदिरात. कवडूआजा टेबलापुढे आडवा आला. "हलवू नको मास्तर, टेबल बिघडन." बाबा मास्तर नव्हते, पण वाचणाऱ्या माणसाला तो मास्तरच म्हणायचा. बाबांनी चौघांना टेबल उचलायला लावलं, पुस्तिका ओढून काढली आणि तिच्या जागी एक सपाट फरशीचा तुकडा सरकवला. पुस्तिकेच्या मधोमध पायाचा गोल दाबलेला ठसा होता. तो अजून आहे.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस आमच्या घरी पत्रिका, पुड्या सगळं बंद. बाबा जेवण झालं की शब्दकोश घेऊन बसायचे आणि वहीत एकेक नियम मराठीत उतरवायचे. मराठी म्हणजे त्यांची, कचेरीतली. "सदर चेंडू मधल्या दांड्यावर स्थिर झाल्यास, किमान दोन गड्यांस त्याचा स्पर्श झाल्याखेरीज तो पुढील दांड्याकडे पाठविणे अनुज्ञेय नाही." आई भाकरी थापता थापता थांबायची. "अनुज्ञेय म्हंजे?" "म्हंजे नाई चालत." "मंग नाई चालत लिहाना." पण बाबांनी अनुज्ञेय खोडलं नाही. मधल्या दांड्यावर चेंडू दहा सेकंदांहून जास्त ठेवायचा नाही, हेही निघालं. आणि एका रात्री जेवणानंतर ते वाक्य आलं ज्याची मला धास्ती होती. भिंत म्हणजे गडी नव्हे. भिंतीला लागलेला चेंडू गड्याला लागलेला धरत नाहीत.

म्हणजे मी चुकले होते. लबाड नव्हते, पण चुकले होते, आणि खरं सांगायचं तर मला ते लबाडीच्या आळापेक्षा जास्त झोंबलं. आळ आणणाऱ्यावर दात-ओठ खाता येतात. इथे दात-ओठ खायचे कुणावर? मी ताटावरून उठून गेले. बाबांनी मला हाक मारली नाही. मी परत येईन हे त्यांना ठाऊक असावं. परत आले तेव्हा ते पुढचं वाक्य लिहून तयार होते आणि त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "अर्धा कागद वाचून उठाचं नसते," एवढंच म्हणाले. वहीत लिहिलं होतं की मधल्या दांड्यावर असताना चेंडू भिंतीला दोनदा लागला तरी चालतो, तिसऱ्यांदा लागला तर फाउल. मी ते तीनदा वाचलं. दोनदा चालतो. म्हणजे भिंतीवर मारून पास चालत नाही, हे गोरे सरांचं म्हणणंही चूकच होतं. मी फाउल केला होता तो भिंतीमुळे नाही, दुसरा गडी नसल्यामुळे. आणि निखिलनं तर दर वेळी थांबवलेला चेंडू तसाच पुढे ढकलला होता, एकाच गड्यानं. त्याला कुणी शिट्टी वाजवली नव्हती.

ही बातमी कवडूआजाला सांगणं सगळ्यात कठीण होतं. तो बाजेवर उठून बसला. "गंग्या गडी नाई?" तो म्हणाला. "मंग इतके दिस कोण खेयला इथं?" मी त्याला नियम वाचून दाखवला. त्यानं दोनदा वाचायला लावला. मग बराच वेळ टेबलाच्या त्या रिकाम्या कडेकडे बघत राहिला. मला वाटलं म्हाताऱ्याचं मन मोडलं. तिसऱ्या दिवशी गेले तर त्याच्या हातात बाभळीच्या लाकडाचा एक ठोकळा होता आणि विळ्यानं तो त्याला पाय काढत होता. "कागदात बसत नाई म्हंते नं?" तो म्हणाला. "बसवतो न मी त्याले." गावातल्या सायकलवाल्याकडून त्यानं त्यात आरपार भोक पाडून घेतलं आणि बोल्ट घालून तो गडी दांड्याच्या टोकाला पक्का केला. इतर गडी रंगवलेले, बूट घातलेले. हा काळपट, बिनचेहऱ्याचा, एका बाजूला किंचित झुकलेला. पण पाय मजबूत होते.

मग मी सगळं पहिल्यापासून शिकले. चौथ्याकडून चेंडू गंग्याला, गंग्याच्या पायाचा हलका स्पर्श, तिथून भिंतीला एकदाच, आणि पुढे. एक, दोन, भिंत, पुढे. दहा सेकंद कवडूआजा मोजायचा, तेही त्याच्या मर्जीनं. खूश असला की सात आणि आठच्या मधे तंबाखू मळून व्हायची. आई म्हणायची, "पोरगी झोपेत बोटं हालवून राह्यली." हो, हलवत होते. दुपारी पोळपाटावर दोन वाट्यांच्या मधे वाटाणा टोलवत होते, आई ओरडेपर्यंत. पूर्ण एक वर्ष मी दुसरा कोणताही पास केला नाही. मैत्रिणी म्हणायच्या, दुसरा एखादा पास शीक, भिंतीचं नाव सोड, कशाला पुन्हा तेच. मी म्हणायचे, मला तोच पास त्याच हॉलमध्ये त्याच पंचापुढे द्यायचा आहे. जिंकण्याचं नंतर बघू.

पुढच्या वर्षी बाबांनी रजा टाकली. त्यांनी रजा टाकलेली मी त्याआधी फक्त आजीच्या वेळी पाहिली होती. हॉलमध्ये ते मागे दरवाजापाशी उभे राहिले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. मी त्यांना पुढे बोलावलं तर मानेनं नको म्हणाले. पुस्तिका माझ्या पिशवीत होती. दोन सामने मी जिंकले, दुसऱ्या पंचाकडे, आणि तिथे माझ्या पासाला कुणी हरकत घेतली नाही. तिसरा सामना उपांत्य. समोर निखिल, पंच गोरे सर. ते मला ओळखून हसले. मला तसलं हसू आवडत नाही. आता मी स्वतः पंच आहे, गुडघे दुखत असूनही चार-चार तास टेबलापाशी उभी राहते आणि खेळणाऱ्या मुलाकडे बघून असं हसायचं नाही हा माझा स्वतःचा नियम आहे, तो कुठल्या पुस्तिकेत नाही.

चार-चार झाले. शेवटचा गोल. चेंडू माझ्या मधल्या दांड्यावर. चौथ्याकडून पाचव्याला, पाचव्याच्या पायाचा स्पर्श, भिंत, पुढे. पुढच्या दांड्यावरच्या मधल्या गड्यानं तो घेतला आणि शिट्टी वाजली.

"फाउल. भिंत. तुला मागच्या वर्षी सांगितलं होतं."

पोरांमधून कुणीतरी "गंग्या" म्हणालं. मी टेबलात हात घालून चेंडू उचलला आणि मुठीत धरला.

"सर, कुठल्या नियमानं?"

"इथे मी सांगेन तो नियम."

"मंग तो लिहून द्या."

मी मोठ्यानं बोलले नव्हते, पण मला माझा आवाज लांबपर्यंत गेलेला ऐकू आला. गोरे सरांचा चेहरा लाल झाला. चेंडू टेबलावर ठेव, म्हणाले. मी ठेवला नाही. दोन मिनिटांत नाही ठेवला तर तू बाद, म्हणाले, आणि घड्याळ बघायला लागले. मी मागे वळून बाबांकडे पाहिलं. ते बोलतील असं मला वाटलं होतं. इतक्या सरकारी माणसांशी बोललेला माणूस, एका पी.टी.च्या सरांशी नाही का बोलणार? बाबा बोलले नाहीत. जागचे हललेही नाहीत. फक्त खिशातलं पेन काढून त्यांनी हातात धरलं, कागद वाचायला बसताना धरत तसं. मला एकदम राग आला आणि त्याच रागात कळलं की हे वाचायचं आता मलाच आहे.

मी पिशवीतून पुस्तिका काढली, पायाचा ठसा असलेली, पान दुमडून ठेवलेलं होतं, आणि ती गोरे सरांपुढे धरली. त्यांनी हात पुढे केला नाही. तेव्हा मी ती टेबलावरून पलीकडे सरकवली, निखिलपुढे.

"तू वाच," मी म्हणाले. "तुह्यं इंग्रजी चांगलं असन. मोठ्यानं वाच."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. मग वाचलं. आधी भिंतीचं, दोनदा चालते ते. मग त्याच्या वरचा नियम, थांबवलेल्या चेंडूचा, आणि वाचता वाचता तो मधेच थांबला, आईची थाप थांबायची तसा. तेच वाक्य त्यानं पुन्हा मनात वाचलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले.

"सर, तिचा पास बरोबर आहे," तो म्हणाला. "दोन गड्यांना लागला, भिंतीला एकदाच. मी बघितलं." आणि जरा थांबून, "माझेच चुकतात. मी थांबवून सरळ देतो."

आयोजकांच्या टेबलावर त्यांची स्वतःची पुस्तिका होती, न उघडलेली. ती उघडली गेली. शब्द न् शब्द तोच. गोरे सर बराच वेळ वाचत राहिले, आणि एक मान्य करते, पूर्ण वाचलं त्यांनी. मग म्हणाले, "चेंडू हिच्या मधल्या दांड्यावर. पास पुन्हा." माफी मागितली नाही. मी मागायलाही लावली नाही. मला माफी नको होती, चेंडू हवा होता.

मी चेंडू ठेवला. निखिलनं दांडे धरले. "तयार?" "तयार." आणि मी त्याला सरळ सांगितलं, "तोच पास देतो. भिंतीवरचा." आमच्याकडे बाई माणूसही देतोच म्हणते, त्यावर तिथल्या एक-दोघांना हसायचं होतं, पण कुणी हसलं नाही. चौथा. पाचवा. तो पाचवा तिथे रंगवलेला होता, बूट घातलेला, पण मला त्याच्या जागी बाभळीचा काळपट ठोकळाच दिसत होता, एका बाजूला झुकलेला. भिंत, एकदा. पुढे. निखिलला कुठून येणार हे माहीत होतं, तरी तो अर्धं बोट उशिरा पोचला. पुढचा गोल मी मारला, पण त्याचं काय कौतुक, तो कुणीही मारला असता. गोल झाल्यावर मी भरल्या हॉलमध्ये, पूर्ण घसा फोडून ओरडले, "गंग्या!"

अंतिम सामना मी हरले. नागपूरचा मुलगा होता, माझ्याहून चांगला खेळला, सगळे पास नियमानं दिले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पायऱ्यांवर मागच्या वर्षीचा तो माणूस पुन्हा दिसला, तो दुसरीकडे बघत उभा होता. मी मुद्दाम त्याच्या समोरून गेले. बसमध्ये बाबा खिडकीशी बसले, वर्धा मागे गेलं, पुलगाव आलं, तरी त्यांनी त्या शिट्टीबद्दल, मुठीबद्दल, कशाबद्दल काही म्हटलं नाही. उतरताना एकच म्हणाले, "चांगलं वाचलं त्या पोरानं." मी म्हटलं, "आन् मी?" तर म्हणाले, "तू वाचाले लावलं. थे जास्त कठीण हाय."

महिन्याभरानं समाजमंदिरात काचेच्या चौकटीत नियम लागले, बाबांच्या ठसठशीत अक्षरात. अनुज्ञेय, सदर, स्थिर झाल्यास, सगळं तसंच. कवडूआजा चौकटीपुढे उभा राहिला आणि मला म्हणाला, वाचून दाखव. मी वाचलं. त्यानं विचारलं, "गंग्याचं नाव कुठी हाय?" मी म्हटलं, आजा, हा नियमांचा कागद आहे, यात नावं नसतात. त्यानं टेबलावर कापड टाकलं आणि तो बाजेवर जाऊन बसला. दोन दिवस समाजमंदिर उघडलं, पण टेबलावरचं कापड निघालं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा बसमधून उतरून घरी न येता तिकडे गेले, चौकट काढली, मागचे खिळे उपसले, खिशातलं पेन काढलं आणि सगळ्यात खाली, सहीच्या वर, उरलेल्या बोटभर जागेत लिहिलं. मग जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतः न वाचता कागद माझ्या हातात दिला. "मोठ्यानं वाच," म्हणाले. मी कवडूआजाला ऐकू जाईल असं वाचलं:

"टीप. भिंत ही गडी नव्हे. तथापि भिंतीस मनाई नाही. गंगाराम हा गडी आहे."